रडगाण्याचा नेम

आषाढी एकादशीच्या सकाळी मी एक गंमत केली. ती गंमत पुढे एका बाईच्या पायापर्यंत जाऊन पोचेल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमची सोसायटी नाशिकला, अंबडच्या बाजूला. तळमजल्यावर जिन्याला लागून पहिलं दार फुलाबाईंचं. वय बासष्ट-त्रेसष्ट, मूळच्या दिंडोरीकडच्या. नवरा गेल्यावर मुलगा त्यांना इथं घेऊन आला. मुलगा शेखर कंपनीत, सून रोहिणी एका दवाखान्यात रिसेप्शनला, त्यामुळे दिवसभर घरात त्या एकट्याच. मी त्यांच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये. त्यांना मावशी म्हणते. गेली सहा वर्षं दुपारचं निवडणं-टिपणं त्यांच्याच घरात बसून करते, म्हणून त्यांचा दिवस मला माझ्या दिवसाइतका पाठ आहे.

तर तो दिवस असा. डोळे उघडले की तोंड धुण्याआधी मोबाइल. गावाकडच्या ग्रुपवर कोण गेलं ते बघायचं. हार घातलेला फोटो आला की ओळखीचा असो नसो, "गेला गं बिचारा" म्हणून उसासा टाकायचा. मग चहा आणि खारी. जेवणाचं विचारलं तर, "एकटीसाठी कुठं गॅस पेटवू?" दुपारी पडदा ओढून भिंतीकडे तोंड करून पडायचं. आणि बरोबर एक वाजता लंकाबाईंचा फोन.

लंकाबाई ही त्यांची धाकटी बहीण. दिंडोरीजवळच्या खेड्यात राहते, बायकांच्या टोळीबरोबर द्राक्षबागांत कामाला जाते. एकला टोळीची जेवणाची सुट्टी. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात फोन. मावशींना कानानं जरा कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर, आणि सगळा जिना श्रोता.

"फुले, जेवली का?"

"कुठलं जेवती! घशाखाली उतरत नाय. तू?"

"माझी भाकर पार वाळून गेली. कंबर लय दुखती गं."

"माझे गुडघे."

"दातबी हालाया लागलाय एक."

"माझा तर पडलाच."

असं अर्धा तास. ही एक कण्हली की तिनं तिच्यावर चढवायचं. नखाला लागलं तरी लंकाबाई ते बहिणीला सांगणार. फोन ठेवला की मावशी अशा दमलेल्या दिसायच्या, जशी काही गव्हाची गोणी जिन्यानं वर आणलीय. पाच वाजेपर्यंत मग उठायच्या नाहीत. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही यायचा.

आषाढीला आमच्या सोसायटीच्या छोट्याशा मंदिरात बायका चातुर्मासाचे नेम घेतात. उजव्या तळव्यावर पळीभर पाणी घ्यायचं, विठोबासमोर नेम मोठ्यानं बोलायचा आणि पाणी ताम्हनात सोडायचं. पाणी सोडलं की नेम पक्का, मागं फिरता येत नाही. कुणी वांगं सोडतं, कुणी चहातली साखर. चार महिन्यांनी, कार्तिकी एकादशी झाली की द्वादशीला उद्यापन. जी वस्तू सोडली तीच आधी कुणाच्या तरी पदरात दान घालायची, मगच आपण खायची.

मावशींची पाळी आली. "मी आपलं वांगंच सोडते," त्या म्हणाल्या.

आणि मी हसत हसत बोलून गेले, "वांगं सोडून काय होणार मावशी? रोज एक वाजता लंकामावशींबरोबर रडगाणं गाता, ते सोडा की!"

बायका खो खो हसल्या. मावशी हसल्या नाहीत. माझ्याकडे एकदा बघितलं, पळी उचलली, पाणी तळव्यावर घेतलं. "चार महिने रडगाणं बंद," त्या म्हणाल्या, "लंकीसंगंबी." आणि पाणी सोडलं.

हसू जिथल्या तिथं थांबलं. मी गंमत केली होती हो! शेवटी आमच्या भजनी मंडळाच्या लताबाई म्हणाल्या, "अहो फुलाबाई, पण उद्यापनाला दान काय करणार? रडगाणं? आणि घेणार कोण ते?"

"त्याला चार महिने हायेत," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी मुद्दाम त्यांच्याकडे गवार मोडत बसले. फोन आला.

"फुले, जेवली का?"

"जेवले."

"काय जेवली?"

"मुगाची उसळ."

"बरंय बाई तुझं. माझी इकडं कंबर—"

"लंके, माझा नेम हाय. रडगाणं नाय."

"आँ? मग काय बोलायचं?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी गवारीकडे. फोनमधून बागेतल्या दुसऱ्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं, लांब कुठं ट्रॅक्टर चालू होता. दोघी सख्ख्या बहिणी, वर्षानुवर्षं रोज अर्धा तास बोलणाऱ्या, आणि दुखण्याखुपण्याशिवाय एक वाक्य दोघींकडे नव्हतं. "ठेवते मग," लंकाबाई म्हणाली. मी थक्क होऊन बसून राहिले. गवार कधी मोडून संपली ते कळलंच नाही.

मावशी मात्र कामाला लागल्या. नेम मोडायचा नाही तर रिकाम्या तोंडाला आणि रिकाम्या दुपारीला काहीतरी द्यावं लागणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. रोज रात्री मोबाइल देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवू लागल्या. "देवाला दिवा लावल्याबिगर मेलेल्यांची तोंडं बघायची नायत," असा त्यांचा कायदा. विठोबाला रोज नैवेद्य दाखवायचा ठरवला. आता नैवेद्य खारीचा कसा दाखवणार? मग वरण-भात, भाजी रांधणं आलं, आणि देवापुढचं ताट टाकून द्यायचं नाही म्हणून जेवणंही आलं. दुपारचा पडदा सरकला. उन्हाच्या पट्ट्यात बसून त्या मंदिरासाठी कापसाच्या वाती वळू लागल्या, ओठांनी नाम चालू. संध्याकाळी मंदिरात हरिपाठ.

श्रावण संपता संपता माणूस बदललं. गालांवर तकाकी आली. जिन्यात मला चक्क शिट्टी ऐकू आली. बघते तर मावशी! लताबाई म्हणाल्या, "पूजा, तू तर डॉक्टरच निघालीस." मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

मावशींनाही स्वतःचं कौतुक वाटू लागलं. समोर कुणी जरा कुरकुरलं की त्यांचा हात वर. "रडगाणं नको. नाम घे." दूधवाल्यालासुद्धा. रोहिणी एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाली, "ताई, घरात आता डोकं दुखायचीसुद्धा चोरी झालीय. बाम लपून लावते मी."

मी हसले. तिथं मला शंका यायला हवी होती. नाही आली.

एकच्या फोनचं काय झालं? तो आखडत गेला. लंकाबाई सवयीनं काही सांगायला लागली की मावशी, "लंके, राम राम म्हण," म्हणून फोन ठेवायच्या. भाद्रपदात, पितृपक्षाच्या आसपास, शेवटचा फोन आला. मी होते तिथं.

"फुले, तू शहरात राहून सुखी झालीस. आमचं दुखणं आता तुला आयकू येत नाय. बरं. नाय सांगत."

फोन बंद. मावशी वात वळत म्हणाल्या, "रुसली. येईल परत. कुठं जाती?"

ती आली नाही. नवरात्र गेलं, दसरा गेला. दसऱ्याला मावशींनी स्वतःहून फोन केला, तर लंकाबाईच्या मुलानं, गोरक्षनं उचलला. आई फोन घरी ठेवून बागेत गेलीय म्हणाला. परत केला, तेच. तिसऱ्यांदाही तेच. रोज एक वाजला की मावशी मोबाइल सुलटा करून बघायच्या आणि पुन्हा पालथा ठेवायच्या. बहीण कायमची तुटली की काय, ही धाकधूक त्यांच्या बोटांत उतरली होती. वाती जाड-बारीक होऊ लागल्या. पण तोंडानं चकार शब्द नाही. पाणी सोडलेलं.

कोजागिरी होऊन आठवडा झाला असेल. मी त्यांच्याकडेच होते. भिंतीवरच्या घड्याळात एकला दोन मिनिटं कमी, आणि दार वाजलं. उघडते तर गोरक्ष. दाढी वाढलेली, हातात औषधांच्या दुकानाची पिशवी.

"बस रे बाबा," मावशी एवढ्या आनंदल्या की उठताना कापूस सांडला. "लंकी कशी हाय?"

तो बसला नाही. "मावशी, आईच्या पायाचा अंगठा काढला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मावशींना वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी कान पुढं केला. त्याला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं.

"कधी?"

"सहा दिस झाले. इथंच, नाशकात हाय ती."

"नाशकात?"

"हा. इथून रिक्षानं अर्धा तास. आईनं शपथ घातली होती. म्हणली, फुलीला सांगू नको, तिचा नेम मोडंल."

मग त्यानं सगळं सांगितलं. छाटणीचं काम चालू असताना कापलेल्या काडीचा खुंट चपलेतून आरपार लंकाबाईच्या अंगठ्यात घुसला होता. साखरेचा त्रास आधीपासूनचा. हळद भरून, चिंधी बांधून ती महिनाभर कामाला जात राहिली. घरात कुणाला कळलं तेव्हा अंगठा काळा पडला होता.

"अरे पण तुम्ही घरातली माणसं, तुम्हाला दिसलं नाही?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

गोरक्ष माझ्याकडे नाही, मावशींकडे बघत बोलला. "ताई, आई आम्हाला कधीच काय सांगत नाय. ती मावशीला सांगायची. मग मावशी मला फोन करायची, आरं गोऱ्या, तुझ्या आईला दावखान्यात ने. मग मी न्यायचो. तिचा दात हालतोय तेबी मला मावशीकडूनच कळलं होतं. औंदा मावशीचा तसला फोन आला नाय. मला वाटलं, आई बरी हाय."

ज्याला मी रडगाणं म्हणत होते, ज्याचा मला कंटाळा येत होता, तो त्या घराचा निरोप पोचवायचा रस्ता होता. आणि मी हसत हसत तो बंद करायला लावला.

"मावशी, चूक माझी आहे," मी म्हणाले.

"तू गप. पाणी मी सोडलं." त्या देव्हाऱ्याकडे बघत होत्या. "माझ्या नेमानं तिचा अंगठा खाल्ला." आवाज कोरडा. डोळ्यांत टिपूस नाही, ते मला जास्त भयंकर वाटलं. त्यांनी देवापुढचं नैवेद्याचं ताट डब्यात भरलं आणि चपला घातल्या.

दवाखान्यात लंकाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. अगदी तशीच, जशा एके काळी मावशी पडायच्या. पायाला हे एवढं बँडेज. मी दाराशीच थांबले.

"लंके."

तिनं चादर खांद्यावर ओढून घेतली.

"लंके, कुठं दुखतंय?"

"कुठंच नाय," भिंतीकडून उत्तर आलं. "मी मजेत हाय. राम राम म्हणते. तू तुझा नेम सांभाळ."

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. मावशींनी स्टूल ओढलं. बराच वेळ गुडघे चोळत बसल्या.

"नेम माझ्या तोंडाचा होता," त्या म्हणाल्या. "कानाचा नव्हता. मला कळलं नाय. मी तोंडाबरुबर कानबी बंद करून बसले. आता सांग. आषाढापासून साठलंय ते सगळं सांग."

"कशाला? परत फोन ठेवायला?"

"इथं कुठं हाय फोन?"

भिंतीकडूनच, बारीक आवाजात, "कंबर."

"अजून?"

"दात. पडला तो."

"कधी?"

"पोळ्याला. पुरणपोळीत आला."

माझ्या तोंडून हसू फुटता फुटता राहिलं. मावशी हसल्या नाहीत. "अजून?"

एकेक निघत गेलं. सुनेचं बोलणं, टोळीतल्या बायकांचे टोमणे, डोळ्यांपुढं येणारी अंधारी. मी सहा वर्षं या दोघींचं बोलणं ऐकलं होतं, पण असं कधी ऐकलं नव्हतं. आधी एकीची कंबर निघाली की दुसरीचे गुडघे निघायचे. आज गुडघे निघालेच नाहीत. मावशी फक्त "अजून?" म्हणत होत्या, आणि पाव तासात लंकाबाईचं सगळं सांगून संपलं. एवढंच होतं ते. वर्षानुवर्षं अर्धा अर्धा तास पुरत नव्हतं, कारण ऐकणारं कुणी नव्हतं.

शेवटी लंकाबाई या कुशीवर वळली. "अंगठा दुखतोय," ती म्हणाली. "काढलेला. रातंदिस. जिथं कायच नाय तिथं दुखतंय गं. येडी झाले का मी?"

मावशींचे ओठ हलले. मला वाटलं, आता त्या आपलं काहीतरी सांगतील. गेलेल्या माणसाचं दुखणं त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्यांनी ओठ मिटले. बँडेज जिथं संपत होतं, त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेवर, चादरीवर, त्यांनी हात ठेवला. "इथं?"

"इथंच."

त्या तिथं हात फिरवत राहिल्या. काहीच नसलेल्या जागेवर. मी तोंड फिरवलं.

निघताना लंकाबाई म्हणाली, "सांगितलं सगळं. मन हलकं झालं. पण अंगठा तुझ्या इठोबाकडून मागून आणशील का?" मावशींनी मान खाली घातली. माफी झालेली नव्हती.

मी वाटेत रिक्षात म्हणाले, "मावशी, आता सोडा तो नेम. देवालाही कळतं." तर म्हणाल्या, "देवाला कळतं, पण माझं काय? आता मोडला तर परत तिच्या कमरेवर मी माझे गुडघे टाकीन. पाणी सोडलंय ते पुरं करते. आधी उलटं केलं, आता नीट करते."

रोज एक वाजता डबा घेऊन त्या दवाखान्यात हजर. वाती तिथंच वळायच्या. घरी रोहिणी कामावरून आली की, "डोकं दुखतं का गं?" असं आपणहून विचारायच्या. रोहिणी आधी दचकली, मग एक दिवस त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून तासभर झोपली. दिवाळीच्या आधी लंकाबाईला घरी सोडलं.

कार्तिक द्वादशीला मावशी मला म्हणाल्या, "चल. उद्यापनाला पाहिजे तू." आम्ही लंकाबाईच्या गावी गेलो. अंगणात खाटेवर ती पाय लांब करून बसली होती, चार शेजारणी भोवती. गोरक्षनं आम्हाला पाणी दिलं. मावशींनी पिशवीतून नारळ-सुपारी काढली.

"लंके, पदर पसर."

"काय हाय?"

"चार महिने सोडलेली वस्तू. आधी दान करायची, मग आपल्याला चालती."

"रडगाणं सोडलं व्हतं ना तू? ते मला देती व्हय?" लंकाबाईनं शेजारणींकडे बघून डोळा मारला. "घ्या! शहरातनं काय आणलंय बघा माझ्या बहिणीनं!"

बायका हसल्या. पण पदर पसरला गेला. मावशींनी त्यात नारळ ठेवला, सुपारी ठेवली. मग दोन्ही हात तिच्या पदरावर तसेच ठेवून म्हणाल्या, "माझ्या सख्ख्या बहिणीचा अंगठा कापला. अर्ध्या तासाच्या वाटेवर. सहा दिस ती तिथं पडून होती, आन मला कुणी सांगितलं नाय. मी उन्हात बसून वाती वळत होते. मी शिट्टी वाजवत होते, लंके." चार महिन्यांचं पाणी एकदम डोळ्यांतून आलं. नारळावर टपटप पडलं.

शेजारणींचं हसू मेलं. लंकाबाईचाही चेहरा पांढरा पडला. "सांगितलं असतं तर तू फोन ठेवला असता," ती हळूच म्हणाली.

मला वाटलं, मावशी नाही म्हणतील. कुणीही नाहीच म्हटलं असतं.

"ठेवला असता," मावशी म्हणाल्या.

गोरक्ष तांब्या धरून उभा. लंकाबाई पदरातल्या नारळाकडे बघत राहिली, इतका वेळ की आता ती तो उचलून बाहेर ठेवणार असं मला वाटलं. मग तिनं पदराची टोकं गोळा केली आणि गच्च गाठ मारली.

"घेतलं दान. आता परत मागू नको."

"नाय मागत."

"गुडघे कसे हायेत तुझे?"

"हायेत."

"नीट सांग की! चार महिने झाले, आयकलं नाय."

मावशींनी पदरानं डोळे पुसले आणि सांगू लागल्या. चांगली दहा मिनिटं सांगत होत्या. लंकाबाईनं मध्ये एकदाही आपली कंबर काढली नाही.